करंगळी आणि बटण

१९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर गिटार बाजारात आली. तिचे आवाजाचे बटण तारांलगतच असते. वाजवता वाजवता करंगळीने आवाज चढवता-उतरवता येतो. त्याच घडणीची एक जुनी गिटार आमच्यापाशी आहे. पन्नाशीनंतर करंगळी ताठरली, बटणाला तिचा धक्का लागून ऐन गाण्यात आवाज मावळू लागला. गिटार विकण्याचे आम्ही ठरवले.

"वाद्याशी खेळू नकोस," असे ज्या तरुणाला आम्ही पूर्वी दटावले होते, तोच म्हणाला, "फादर, बोट बदलता येत नाही, बटणाची जागा बदलता येते."

टोनचे एक बटण काढून त्याने आवाजाचे नियंत्रण तेथे जोडले. करंगळीची करामत गेली, गाणे मात्र राहिले. तारांजवळचे रिकामे छिद्र आम्ही मुद्दामच बुजवलेले नाही. दटावणीचे शब्द ओठांवर आले की आम्ही त्याच्याकडे पाहतो.