‘फ्रेशर’ लिहिण्याआधी

आमच्या कवठे महांकाळच्या पट्ट्यातली पोरं बायोडाटा करायला माझ्या टायपिंगच्या दुकानात येतात, ती मित्राचा बायोडाटा मोबाइलवर घेऊनच. नाव, पत्ता आणि टक्के तेवढे बदलायचे असतात. पहिल्या ओळीत कंपनीच्या प्रगतीला हातभार लावायची इच्छा, मध्ये ‘हार्डवर्किंग’, छंदात क्रिकेट आणि अनुभवापुढे एकच शब्द : फ्रेशर. तिथं मी अडतो. टायपिंग राहू दे, आधी सांग, सुट्ट्यांत काय करत होतास?

“काही नाही काका, घरीच होतो.”

घरी म्हणजे कुठं, ते खोदून विचारावं लागतं. तालुका दुष्काळी. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं तशा द्राक्षबागा वाढल्या, त्यांच्यामागून बेदाण्याची शेडं. उन्हाळ्यात ‘घरी’ असलेला पोरगा शेडवर असतो. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण कसं कालवायचं, जाळीवर माल किती पातळ पसरायचा, पंधरा दिवसांच्या आसपास वाळला की प्रतवारी कशी लावायची, कोल्ड स्टोरेजला किती बॉक्स गेले, कुणाची हजेरी किती, हे त्याला तोंडपाठ असतं. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या स्टोअरला तरी दुसरं काय लागतं? आवक, जावक, वजन, नोंद. मग मी लिहितो : ‘बेदाणा शेड, हंगाम 2023. रोजची आवक-जावक नोंद, प्रतवारीवर देखरेख, मजुरांची हजेरी.’ किती टन, किती मजूर, तेही त्यालाच विचारतो. आठवत नसेल तर आकडा टाकत नाही. मुलाखतीत त्याच आकड्यावर बोट ठेवलं जातं.

इकडची बरीच घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात, देशभर पांगलेली. तमिळनाडूत मामाच्या गलाई दुकानात दोन वर्षं काढून आलेला एक मुलगा ती वर्षं लपवायला निघाला होता. शिक्षणात गॅप दिसेल म्हणून. अर्ज होता रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळा साहाय्यकाचा! तेजाब हाताळणं, मिलिग्रॅमपर्यंत वजन, सोन्याचा टंच काढणं, वर तमिळ बोलता येतं. ती दोन वर्षं मी शिक्षणाच्याही वर घेतली. बायोडाट्यात काय लिहायचं याइतकंच काय आधी लिहायचं याला महत्त्व असतं, आणि ते प्रत्येक अर्जाला बदलावं लागतं. एकच प्रिंट काढून वीस झेरॉक्स मारणं मला पटत नाही.

आयटीआयवाल्यांचं वेगळं. नुसतं ‘टर्नर’ लिहून भागत नाही. मायक्रोमीटर लावता येतो का, ड्रॉइंग वाचता येतं का, सीएनसीवर नुसतं ऑपरेटिंग की सेटिंगसुद्धा? पगार इथंच ठरतो. जात, धर्म, आधार क्रमांक मी काढून टाकतो. हा काही स्थळाचा बायोडाटा नव्हे, आणि अर्ज किती हातांतून फिरेल ते कुणाला ठाऊक.

काय आधी लिहायचं याचा एक जुना नमुना आहे. 1482 च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीनं मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही आहे. जगातला पहिला बायोडाटा म्हणून त्याचा दाखला देतात. त्यात आधी येतात हलवता येणारे पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं. चित्रकला पार शेवटाकडे. समोरच्याला काय हवंय ते त्यानं ओळखलं होतं. आणि शेवटी म्हणतो, यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत करून दाखवतो.

हे वाचल्यापासून ‘वरील माहिती खरी आहे’च्या जागी मी कारागीर पोरांसाठी ‘ट्रेड टेस्ट द्यायला तयार’ अशी ओळ घालतो. ती वाचून एखादा बिचकतो. त्याला मी आधी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चार दिवस लेथवर हात बसवायला पाठवतो. प्रिंट त्यानंतर.