रश्श्यातले सत्त्व

मोहोळसारख्या गावात राहून मासे खायचे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी थोडा लपंडाव खेळण्यासारखेच आहे. समुद्र पार सह्याद्रीपलीकडे आणि पंढरपूर मात्र तासाभराच्या वाटेवर! गल्लीत ज्याच्या त्याच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे ज्या घरी कालवण शिजायचे असते, त्या घरची गृहिणी आधी रस्त्याकडची खिडकी लावून घेते. वास काही खिडकीला विचारून बाहेर पडत नाही, हे तिलाही ठाऊक असते आणि गल्लीलाही.

तसे आमच्याकडे मासे दुर्मीळ नाहीत. तालुक्याला सीना आणि भीमा अशा दोन नद्या आहेत. त्यात १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि रोहू, कटला, मरळ, पुढे चिलापी यांची चंगळच झाली. माझ्या लहानपणी भोयांच्या आळीतली एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन दारी यायची. मग आई चिंच भिजत घालायची. नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो. तो ज्या द्रव्यामुळे येतो ते आंबटाने मोडते, असे रसायनशास्त्र सांगते. आईने रसायनशास्त्राची वाट पाहिली नव्हती, एवढेच.

आईचा आणखी एक सिद्धान्त होता. आम्ही भावंडे आणि वडील जेवून उठलो की ती बसायची. तोवर पातेल्यात तुकडी उरलेली नसे; उरलाच तर डोक्याचा काटेरी भाग आणि चार पळ्या रस्सा. त्यात ती ज्वारीची भाकरी कुस्करायची. "तुला तुकडी?" असे कोणी विचारलेच, तर म्हणायची, "सगळं सत्त्व रश्श्यात उतरलेलं असतंय बाबा. तुकडी म्हणजे नुसता चोथा!"

मी मराठीचा प्राध्यापक. अन्नशास्त्राशी माझा संबंध ताटापुरता. पण ग्रंथालयात एखादे परके पुस्तक चाळण्याची खोड जडलेली. डॉ. आयक्रॉइड यांनी निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्याच परंपरेतले ताजे कोष्टक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढले. १०० ग्रॅम रोहूत १६-१७ ग्रॅम प्रथिने असतात, असे ही कोष्टके सांगतात. परंतु हा आकडा कच्च्या माशाचा! कच्चा रोहू मोहोळात खातो कोण? मांजरसुद्धा पातेले निवण्याची वाट पाहते.

शिजताना माशातले पाणी सुटते. १०० ग्रॅमची तुकडी ७५-८० ग्रॅमची होते, पण प्रथिने बहुतेक जागच्या जागी गोठून राहतात. म्हणजे शिजलेली तुकडी वजनाने घटते आणि घासागणिक अधिक पौष्टिक होते. शिवाय माशाच्या मांसात चिवट तंतू थोडे; जे असतात ते उकळीत विरघळतात. म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि आजारातून उठलेल्यांना मासा सहज पचतो. रोहू-कटल्यासारख्या माशांत तर ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे एक द्रव्य असते; मासा शिजला की ते निकामी होते. आगीचे हे उपकार आपण कधी मोजत नाही.

तळण्याची गोष्ट निराळी. आमची सौभाग्यवती वेंगुर्ल्याची. तिच्या लेखी नदीचा मासा हा मासाच नव्हे. खायचाच तर कडकडीत तळून, म्हणजे निदान कुरकुरीत तरी लागेल! आता उकळत्या तेलात पाणी बाहेर पडते आणि त्या जागी तेल शिरते. मासा जितका कमी चरबीचा, तितके ते अधिक शिरते, आणि त्याच्या अंगच्या ओमेगा-३ स्निग्धांशाचे प्रमाण त्या तेलापुढे नगण्य होते. मी हे तिला समजावले. बांगडा आणि तारली यांत हा स्निग्धांश नदीच्या माशाहून पुष्कळ अधिक असतो, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकले. त्यातले तिने फक्त शेवटचे वाक्य ऐकले.

मग रश्श्यात उतरते तरी काय? आईचा सिद्धान्त अगदीच खोटा नाही. ब वर्गातली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे थोडीफार उतरतात, काही क्षार उतरतात, प्रथिनांचा थोडासा अंशही उतरतो. रस्सा फेकून न देणारा माणूस यातले काही गमावत नाही. डोके आणि काटे शिजून त्यांतून जिलेटीन निघते; थंडीच्या दिवसांत शिळे कालवण सकाळी थिजलेले दिसते ते त्यामुळे. ते पाहून कुणालाही वाटावे, सत्त्व म्हणतात ते हेच!

एकेकाळी अवघ्या पॅरिसला तसे वाटले होते. हाडे उकळून काढलेले जिलेटीन गोरगरिबांना आणि इस्पितळातल्या रोग्यांना रश्श्यातून द्यायचे, त्यात मांसाचे सगळे सत्त्व आहे असे सांगायचे, आणि मांस वाचवायचे, अशी ती युक्ती होती. तक्रारी वाढल्या तेव्हा विज्ञान अकादमीने समिती नेमली. शरीरशास्त्रज्ञ माजांदी तिचे प्रमुख. १८४१ साली अहवाल आला: नुसत्या जिलेटिनावर ठेवलेली कुत्री जगत नाहीत. पुढे कारण कळले. जिलेटीन हे प्रथिन खरे, पण शरीराला हवा असलेला ट्रिप्टोफॅन नावाचा घटक त्यात मुळीच नसतो.

पॅरिसचा तो रस्सा वाढणाऱ्यांनी स्वतः कधी तो पिऊन दिवस काढले असतील, असे मला वाटत नाही. आमच्या घरी मात्र सिद्धान्त मांडणारी आणि त्यावर जगणारी व्यक्ती एकच होती.

भाकरीचेही पाहा. मालदांडी ज्वारीचा एम ३५-१ हा नामांकित वाण आमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडला गेला. त्याची भाकरी पांढरीशुभ्र आणि गोड. पण ज्वारीत लायसीन हा घटक तोकडा असतो आणि माशात तो भरपूर. ज्वारीत बी-१२ नाही, माशात आहे. एकाचे उणे दुसरा भरून काढतो, अशी ही जोडी. फक्त भरून काढणारा घटक मुख्यतः तुकडीत असतो, आणि तुकडी आमच्या ताटात असायची. गल्लीतल्या किती घरांत हा 'चोथा' असाच वाटला गेला, याचे कोष्टक कुन्नूरला झाले नाही, हैदराबादलाही नाही.

आई आता सत्तरीपलीकडे गेली आहे. यंदा तपासणीत बी-१२ अगदी कमी निघाले, हाडेही ठिसूळ झाली आहेत. डॉक्टर म्हणाले, मासे चालत असतील तर द्या. मासे चालत होतेच, चाळीस वर्षे! घरी आल्यावर मी तिला माजांदीची आणि त्याच्या कुत्र्यांची हकीगत सांगितली. तिने मन लावून ऐकली आणि विचारले,

"नुसता रस्साच दिला व्हय त्यांना? भाकरी नाही?"

प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होता. मी गप्प बसलो. सौ.ने पातेल्यातली सगळ्यांत मोठी तुकडी, न तळलेली, आईच्या ताटात वाढली आणि पळी हातात धरून समोरच उभी राहिली. आईने एकदा नातीच्या ताटाकडे पाहिले, एकदा सुनेकडे. मग तुकडी मधोमध मोडली, अर्धी नातीकडे सरकवली, आणि उरलेल्या अर्धीतले काटे सावकाश वेचू लागली.