आमच्या घराची मीच ठेकेदार!

रत्नागिरीच्या सड्यावरून एस.टी.ने जाताना मध्येच जमिनीत पायऱ्यापायऱ्यांचे तांबडे खड्डे दिसतात. त्या चिऱ्याच्या खाणी. इतकी वर्षं मी त्या खिडकीतूनच पाहत होते. गेल्या वर्षी मार्चमध्ये मात्र पदर खोचून खाणीत उतरायची वेळ आली.

झालं असं, की पाच गुंठ्यांत आमच्या घराचं जोतं उभं राहिलं आणि ठेकेदार उचल घेऊन दुसऱ्या कामावर निघून गेला. हे नोकरीमुळे कोल्हापूरला, फक्त रविवारी घरी. माझी शाळा अर्ध्या दिवसाची. पाटल्या आधीच गहाण पडलेल्या. दुसरा ठेकेदार नेमायला पैसे नव्हते आणि मृगाला जेमतेम तीन महिने. “आता मीच बघते,” असं ह्यांना म्हटलं खरं, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही!

खाणीवर आमचे म्हातारे गवंडीकाका बरोबर आले. पूर्वी टिकावाने चिरे काढत, आता यंत्राने कापतात. आवाजाने कान बधिर होतात आणि घटकाभरात अंगावरची साडी लाल होते. जांभा जमिनीत असतो तोवर मऊ. उघड्यावर वारा लागला की कडक होत जातो. विटेसारखा कापता येतो म्हणूनच १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळात तो पाहून विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. काका हातोडीने एकेक चिरा वाजवत होते. “बाई, खणखणीत वाजतो तो घ्यायचा, बद्द वाजला की सोडायचा. भोकांत पिवळी माती दिसली, तर तोही नको.”

दुसऱ्या दिवशी वाळू आली. ट्रकवाला म्हणाला, दोन ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मी गणिताची शिक्षिका, टेप घेऊन हौद्यात चढले. १० फूट लांब, ५ फूट रुंद, वाळू साडेतीन फूट. म्हणजे १७५ घनफूट, पावणेदोन ब्रास! तेवढेच पैसे दिले. त्या दिवसापासून मला वाटू लागलं, आपल्याला सगळं कळतं. तिथेच घात झाला.

एप्रिलमध्ये काका दोन दिवस लग्नाला गेले. “मी येईस्तोवर भिंत चढवू नका,” असं बजावून गेले होते. पण बिगाऱ्यांचा रोज फुकट जाईल म्हणून मी त्यांच्या हाताखालच्या पोराकडून स्वयंपाकघराची भिंत चढवून घेतली. काका आले, ओळंबा लावला. भिंत वरच्या अंगाला दोन बोटं बाहेर झुकली होती.

“गिलाव्यात झाकता येईल का?” मी हळूच विचारलं.

“येईल की. पण बाई, ह्या भिंतीखाली तुम्हीच उभ्या राहणार.”

भिंत उतरवली. चिरे पुन्हा वापरता आले, सिमेंट आणि दोन दिवसांची मजुरी गेली. फोनवर ह्यांना सांगताना रडू आलं. हे एवढंच म्हणाले, “उतरवलीस ना? मग झालं.”

मे महिन्यात विहिरीने तळ गाठला. नव्या भिंतीला निदान सात दिवस पाणी मारावंच लागतं, नाहीतर सिमेंट नीट धरत नाही. घरचं धुणं एक दिवसाआड केलं, पण शाळेत जाण्याआधी भिंतींवर पाणी मारणं चुकवलं नाही. मृगाची पहिली सर आली तेव्हा कौलं चढली होती. खिडक्यांना मात्र गोणपाटंच होती!

“पैसे किती वाचले गं?” असं शेजारणी विचारतात. खरं सांगू? फार नाही. पाटल्या अजून बँकेतच आहेत. पण मैत्रिणींनो, तुमच्यावर अशी पाळी आलीच, तर रोजचा खर्च त्याच रात्री वहीत उतरवा. माल मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. पाया आणि स्लॅब इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि जाणता गवंडी ‘थांबा’ म्हणाला, तर थांबा. माझा ओटा आता त्याच भिंतीला लागून आहे.