इंदापूरच्या वाटेवर : जमीन मोजली, मने कोणी मोजायची?

मावशी आजारी असल्याचा निरोप आला म्हणून रविवारी सकाळी बारामतीच्या स्टँडवरून इंदापूरची एस.टी. धरली. सोबत मुलगी होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला प्रकल्प मिळाला आहे, ‘सरकारी समित्या आणि अस्पृश्यता’. गाडी सुटताच तिने वही काढली.

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी पिऊन माजलेला ऊस दोन्ही बाजूंना उभा होता. भवानीनगरच्या साखर कारखान्याची चिमणी गेली, लासुर्णे गेले, निमगाव केतकी मागे पडले. मी मुलीला सांगितले, “बेटा, ज्या तालुक्यात आपण चाललो आहोत, तिथे इंग्रज सरकारने जमीन मोजली. १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्याची पाहणी केली. कोणती माती सोळा आण्यांची, कोणती चार आण्यांची, हे ठरवून शेतसारा बसवला. पुढे हीच पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात गेली.”

ती म्हणाली, “पप्पा, माती मोजली. पण गावातल्या माणसांची मने कोणी मोजली का?”

प्रश्न साधा होता. पण उत्तराला अख्खा प्रवास लागला.

मने मोजायला सरकारला पुढे नव्वद वर्षे लागली. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. समितीच्याच कामासाठी १९२९ साली ते खानदेशात गेले. चाळीसगावच्या स्टेशनवर एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार झाला नाही. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे त्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला टांगा हाकणे माहीत नव्हते अशा आपल्याच माणसाला पुढे बसवले. मोरीवर टांगा उलटला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. चौकशी करायला गेलेला बॅरिस्टर स्वतःच चौकशीचा पुरावा झाला!

या समितीचा अहवाल १९३० साली आला. अस्पृश्यांना दडपण्यासाठी बहिष्काराइतके परिणामकारक हत्यार दुसरे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कुणी जमीन विकत घेतली, अंगावर चांगले कपडे घातले, नवरदेवाची वरात घोड्यावरून काढली, की वाणी सामान देत नाही, शेतावर मजुरी मिळत नाही. हाच अहवाल पुढे करून बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत मागणी केली की, बहिष्कार हा कायद्याने गुन्हा ठरवा.

इंदापूरला गाडी बदलून अकलूजच्या रस्त्याला लागलो. बावडा आले. मी मुलीला खिडकीतून गाव दाखवले. १९७२ साली, स्वातंत्र्य येऊन पंचवीस वर्षे होत असताना, याच गावात दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार पडला होता. ज्या रस्त्याने दरवर्षी तुकोबांची पालखी जाते, त्याच रस्त्यावरचे हे गाव. केंद्र सरकारने १९६५ साली नेमलेल्या एलिया पेरुमल समितीचा अहवाल तेव्हा येऊन तीन वर्षे झाली होती. देशभरच्या अन्यायाची नोंद त्यात होती, पण कागद कपाटात होता. मुंबईतल्या तरुणांनी तो अहवाल आणि बावड्याची बातमी शेजारी शेजारी ठेवून वाचली. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. कागदाला पाय फुटले ते असे!

मावशीचे गाव तिथून जवळच. खाटेवर बसून तिने आमचे बोलणे ऐकले आणि म्हणाली, “आरं बाबा, सायेब येत्यात, इचारत्यात, लिहून घेत्यात आन् जात्यात. आमाला हितंच ऱ्हायाचं आसतंय. मंग आमी म्हणतो, समदं ब्येस हाय.”

मी मान खाली घातली. कारण काही वर्षांपूर्वी माझ्याही दारात एक पाहणीवाला उभा होता. शेजारचे दोघे ऐकत होते. “जातीवरून काही त्रास?” असे त्याने विचारले. मी, समाजाचे काम करणारा माणूस, हसून म्हणालो, “छे, आमच्याकडे सगळे मिळून-मिसळून आहेत.” ही गोष्ट मी आजवर घरातही सांगितली नव्हती. त्या दिवशी मुलीसमोर सांगितली.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पप्पा, मग प्रश्न सोसणाऱ्याला कशाला विचारायचा? करणाऱ्याला विचारायचा.”

पोरीचे बरोबर होते. २०११-१२ साली एन.सी.ए.ई.आर. ही दिल्लीची संशोधन संस्था आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी देशातील बेचाळीस हजारांवर घरांची पाहणी केली. त्यात घरातच विचारले की, तुमच्याकडे अस्पृश्यता पाळतात का, दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला तर चालेल का? शंभरातल्या २७ घरांनी पाळत असल्याचे कबूल केले. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात वर्षानुवर्षे रक्त सांडले. तिथे १९९८ पासून शेजार कसा हवा, मुलांची शाळा एकत्र हवी का, हे प्रश्न लोकांना पुन्हा पुन्हा विचारतात. पुन्हा पुन्हा विचारले, तरच मन बदलले की नाही ते कळते.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, तो २०१६ चा. ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अहवाल १९३० चा आणि हा कायदा २०१७ चा. मधल्या सत्त्याऐंशी वर्षांत किती वस्त्यांच्या चुली विझल्या असतील!

बंधूंनो, भगिनींनो, दारात पाहणीवाला आला तर त्याला आत घ्या, बसायला द्या, चहा द्या आणि दार लोटून खरे सांगा. आपण ‘सगळे बरे आहे’ म्हटले, तर कागदावर सगळे बरेच दिसणार. आणि तोच प्रश्न आपल्याही घराला विचारा. मातंग समाजाची, वडार समाजाची मुलगी सून म्हणून आपल्याला चालेल काय? बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माची परीक्षा तिथेच आहे.

परतीच्या गाडीत मुलीने वहीच्या पहिल्या पानावर मावशीचे वाक्य लिहिले. त्याखाली, नाव न घालता, माझे खोटे उत्तरही लिहिले. मी खोडायला सांगितले नाही.