टोकाला मणी असलेली सुरी

गेले काही दिवस मी भेटेल त्याला पोटाच्या कॅन्सरबद्दल सांगत सुटलोय. समोरचा दचकतो, पण मला राहवत नाही, कारण मला जे कळलंय ते ऐकून कुणीही खुर्ची पुढे ओढावी असं आहे!

पोटाचा कॅन्सर म्हटला की बोट आधी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूकडे जातं. वर्षानुवर्षं तो जठराचं अस्तर झिजवतो आणि झिजलेल्या जागी पुढे कॅन्सर उगवतो. पण एक दुर्मीळ प्रकार बहुतेक वेळा धडधाकट, न झिजलेल्या अस्तरातच उगवतो, तोही जठराच्या वरच्या भागातल्या पाचकरसाच्या ग्रंथींतून. याला फंडिक ग्रंथी प्रकारचा कॅन्सर म्हणतात. २०१० साली टोकियोच्या जुंतेंदो विद्यापीठातल्या उएयामा, याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या १० रुग्णांच्या अभ्यासावरून तो वेगळा ओळखला. त्याच्या पेशी निरोगी पेशींच्या इतक्या जवळच्या की पेप्सिन ज्यापासून बनतं ते पेप्सिनोजेनसुद्धा त्यांच्यात सापडतं. कॅन्सर झाला, तरी पचनाचं काम सुटलेलं नाही! हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि घरभर फिरून आलो.

दुर्बिणीतून दिसतो तो जेमतेम एक फिकट उंचवटा, बरेचदा सेंटिमीटरभरही नसलेला, त्यावर फांद्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. वरून निरोगी अस्तर असल्यामुळे तो सहज नजरेतून सुटतो. शोधणाऱ्याच्या डोळ्यांना माझा दंडवत. हा आजार सहसा सावकाश वाढतो, लसिकाग्रंथींपर्यंत क्वचितच पोचतो. म्हणून बहुतेकदा पोट न उघडता, तोंडातून आत गेलेल्या दुर्बिणीतूनच तो काढता येतो.

आणि कसा! आधी गाठीभोवती ठिपक्यांच्या खुणा. मग अस्तराखाली सुईने निळसर द्रव सोडतात आणि अस्तर पुरीसारखं टम्म फुगून खालच्या स्नायूपासून सुटं होतं. मग ठिपक्यांच्या बाहेरून कापत, खालचा थर हळूहळू सोडवत, वाटेतली प्रत्येक रक्तवाहिनी विजेने बंद करत अख्खा तुकडा एकसंध उचलायचा. जठराची भिंत काही मिलिमीटरची. हात चुकला तर भोक. इथे जपानी डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात जे केलं ते मला थोर वाटतं. सुरीच्या टोकाला त्यांनी सिरॅमिकचा छोटा मणी बसवला. सिरॅमिकमधून वीज जात नाही, त्यामुळे टोक स्नायूत घुसत नाही आणि कापते ती फक्त बाजूची तार. सुरी जास्त धारदार करण्याऐवजी तिचं टोक निरुपद्रवी केलं आणि त्यातूनच एवढं धाडस सुरक्षित झालं! रक्तस्राव किंवा भोक पडण्याचा धोका आजही शून्य नाही, पण जठर जागच्या जागी राहतं आणि जखम औषधांवर साधारण दोन महिन्यांत भरते.

तुकडा बाहेर आला की तो ताणून टाचण्यांनी फळीवर टोचतात, दर दोन-तीन मिलिमीटरला कापतात आणि प्रत्येक काप सूक्ष्मदर्शकाखाली जातो. कडा स्वच्छ आहेत का, मूळ किती खोल गेलं, रक्तवाहिनीत शिरकाव आहे का? तिथे काही खटकलं तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. एकसंध तुकड्याचा एवढा अट्टहास का, ते मला इथे उमगलं: तुकडे-तुकडे होऊन आलेल्या गाठीची कड कुणी कशी वाचायची?