दहा शिपाई

चष्म्यावर आणखी एक भिंग चढवून, डाव्या हाताच्या चिमटीत दीड इंचाचा प्लॅस्टिकचा शिपाई धरून, उजव्या हातातील कुंचल्याने आम्ही त्याच्या ढोपराला निळा रंग देत बसलो आहोत, हे दृश्य आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडते तर तीस वर्षे मोठ्या कष्टाने संपादिलेली आमची गंभीरपणाची कीर्ती एका क्षणात लयास गेली असती. सुदैवाने हे घडले ते पुण्यात नव्हे, इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे. आणि तेथे सौभाग्यवती व चिरंजीव यांच्याखेरीज आम्हांस ओळखणारे कोणी नव्हते.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता चिरंजीवांकडे गेलो होतो. चार दिवसांत आप्तेष्टांची ख्यालीखुशाली संपली आणि बापलेकांमधली ती जुनी, परिचित शांतता पुन्हा घरात येऊन बसली. चिरंजीव सायंकाळी कामावरून येत, जेवण उरकीत, आणि दिवा ओढून त्या शिपायांपुढे बसत. आम्ही समोर वर्तमानपत्र धरून बसत असू. तिकडे जून महिन्यात सूर्य साडेनऊपर्यंत मावळत नाही. तेव्हा एवढ्या लांबलचक संध्याकाळी वर्तमानपत्र तरी किती पुरणार? शेवटी आठव्या दिवशी, “एक आम्हालाही द्या पाहू,” असे शब्द आमच्या तोंडून निघून गेले.

नॉटिंगहॅम म्हटले की आम्हांस रॉबिन हूड तेवढा आठवे. परंतु अलीकडे या गावाची कीर्ती निराळीच आहे. ‘वॉरहॅमर ४०,०००’ नावाचा, टेबलावर मांडून खेळावयाचा युद्धाचा खेळ १९८७ साली प्रसिद्ध झाला. तो रिक प्रीस्टली यांनी रचला, आणि तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचे ठाणे येथेच आहे. आजूबाजूला असल्याच मूर्ती बनविणारे इतर कारखानेही इतके, की या प्रदेशाला थट्टेने ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात. पूर्वी हे शिपाई धातूचे ओतीत. खेळातील काळ एकेचाळिसाव्या सहस्रकातला. सुवर्णसिंहासनावर दहा हजार वर्षे धड जिवंत नाही, धड मेलेला नाही असा एक सम्राट बसलेला, आणि त्याच्या नावाने विश्वभर लढणारे हे चिलखती वीर! करमणुकीसाठी एवढा काळाकुट्ट भविष्यकाळ माणसाने का निवडावा, हे आम्हांस अद्यापि उमगलेले नाही. मात्र हा पोरखेळ आहे असे म्हणण्याची सोय आम्हांस राहिली नाही. कारण ज्यांची पुस्तके आम्ही वर्गात आदराने शिकवीत आलो, त्या एच. जी. वेल्स यांनीच १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या आणि स्प्रिंगच्या तोफांच्या लढायांचे नियम घालून दिले होते. खऱ्या युद्धाची खुमखुमी असलेल्यांनी ती या खेळण्यांवर भागवावी, असा त्यांचा एकंदर रोख होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

असो. आमच्या वाट्यास आलेला शिपाई दहा जणांच्या पथकातला होता. चौकटीतून सुटे अवयव कापून काढणे, साच्याची शिवण चाकूने खरवडणे, सांधे चिकटविणे आणि काळे अस्तर फवारणे हे सोपस्कार आधीच झालेले. उरला निळा रंग. आम्ही तो बाटलीतून थेट उचलला आणि सढळ हाताने फासला. पाहता पाहता छातीवरची नक्षी बुजली, बोटे एकमेकांस चिकटली, आणि तो वीर नुकताच चिखलातून वर आल्यासारखा दिसू लागला. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी शिपाई अल्कोहोलाच्या भांड्यात बुडविला, थोड्या वेळाने दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने घासला, आणि सगळा रंग निघून गेला.

“याचं काही बिघडत नाही, बाबा. धुऊन पुन्हा रंगवता येतो. रंगात पाणी घाला. पातळ दोन हात द्या, जाड एक नको.”

मग आम्ही शिकलो. पातळ तपकिरी शाई वरून सोडली की ती आपोआप खाचांत उतरते आणि सावली पडते. चिलखताच्या कडांवर फिक्या निळ्याची केसाएवढी रेघ ओढली की त्यावर प्रकाश पडल्याचा भास होतो. सर्वांत कठीण शिरस्त्राणातील डोळे. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी निष्णात कारागिराकडेच का सोपवितात, हे आम्हांस येथे, सात समुद्रांपलीकडे कळले!

पाचव्या की सहाव्या शिपायावर असताना आम्हांस ते आठवले. खरे म्हणजे आठवले नाही. पहिल्या दिवसापासून ते आमच्यासमोर बसलेलेच होते. हा मुलगा दिवाळीच्या किल्ल्यासाठी शाडूचे मावळे स्वतः करी. हळिवाच्या हिरवळीत त्याचे पहारेकरी उभे असत. विकतचे चित्र त्याला चालत नसे. तो दहावीत गेला त्या वर्षी अभ्यासाच्या नावाखाली आम्ही मावळ्यांचा तो डबा घंटागाडीत टाकविला. तो रडला नाही, की भांडला नाही. गुण उत्तम मिळाले. पुढे त्या डब्याचा उल्लेख घरात कोणीच केला नाही.

“तो डबा आम्ही टाकायला नको होता,” आम्ही कुंचल्याकडे पाहत म्हणालो.

तो बराच वेळ रेघ ओढीत राहिला. “एकशे बारा होते,” तो म्हणाला. “सात घोडेस्वार धरून.”

स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला होता. सौभाग्यवती ऐकत असाव्यात. मग त्याने दहावा शिपाई उचलून आमच्यापुढे ठेवला. “हा पथकाचा नाईक. याचं शिरस्त्राण लाल करायचं असतं. तुम्ही करा.”

“आमचा हात कापतो रे.”

“मनगट टेबलाला टेकवा.”

ते काम आम्हांस तीन संध्याकाळी पुरले. नाईकाचा डावा डोळा जरा तिरपा उतरला आहे. तो अजून धुतलेला नाही, असे चिरंजीव परवा फोनवर सांगत होते.