प्रतापगडाची उंची

गेल्या वैशाखांत आम्ही घरची मंडळी हवापालटाकरितां महाबळेश्वरीं आठ दिवस राहिलों होतों. एके सायंकाळीं मुंबई पॉइंटावर सूर्यास्त पाहत असतां डोंगरांच्या गर्दींत प्रतापगडाचा माथा दिसला. आमचा पुतण्या स्थापत्यशास्त्र शिकतो. त्यानें लगेच गगनचुंबी इमारतींचा विषय काढला. पहिली म्हणून जिचें नांव बहुधा घेतात, ती होम इन्शुरन्स इमारत अमेरिकेंत शिकागो शहरीं १८८५ सालीं पुरी झाली. मजले दहा. विल्यम जेनी या स्थापत्यविशारदानें तिचा बराचसा भार भिंतींवर न टाकतां लोखंडी-पोलादी सांगाड्यावर तोलला होता. शहरांत जागा महाग झाली, म्हणून माणूस वर चढला!

“ती आतां पाहावयास मिळते का रे?” आत्याबाईंनीं विचारलें.

“नाहीं, आत्याआजी. तिच्या जागीं अधिक उंच इमारत बांधावयाची म्हणून १९३१ सालीं ती पाडली.”

“मग जी उभी आहे ती तरी उद्यां दाखवा,” असें म्हणून त्यांनीं गडाकडे बोट केलें.

आत्याबाईंची सत्तरी उलटलेली, गुडघे अधू. परंतु गडावर भवानीचें देऊळ आहे, हें त्यांस ठाऊक होतें. तुळजापूरची भवानी आमची कुलस्वामिनी. तिच्या दर्शनाचा त्यांचा बेत संसाराच्या रगाड्यांत वर्षानुवर्षें राहून गेलेला. त्यांस नको म्हणणें आमच्यानें झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आंबेनळी घाटानें मोटारींतून निघालों. १६५६ सालीं मोऱ्यांकडून जावळी घेतल्यावर शिवाजीमहाराजांनीं मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधविला. नीरा व कोयना यांच्या खोऱ्यांवर आणि पार घाटावर नजर राहावी, हा हेतु. येथें मजल्यावर मजला चढविण्याचें कारणच नव्हतें. सुमारें साडेतीन हजार फूट उंचीचा पाया सह्याद्रीनें आयताच दिलेला. मोरोपंतांनीं डोंगराच्या कडेकडेनें तट फिरविला, खालीं माची व वर बालेकिल्ला उभारला. या उंचीचें चीज १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झालें. त्या दिवशीं पायथ्याशीं भेटीस आलेला अफझलखान मारला गेला, आणि रानांत दबा धरून बसलेल्या मराठी फौजेनें त्याच्या सैन्याची दाणादाण केली.

पायऱ्या निम्म्या चढून आत्याबाई मटकन बसल्या. “येथूनच हात जोडा,” असें आम्हीं सुचविलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें सूनबाईंचा हात धरून उठल्या, आणि एकेक पायरी करीत देवळापर्यंत पोंचल्या.

दर्शन झाल्यावर आम्हीं त्यांस सांगितलें, कीं तुळजापूर विजापूरकरांच्या मुलखांत असल्यामुळें महाराजांना तेथें जाणें कठीण होतें. म्हणून त्यांनीं १६६१ सालीं देवीची स्थापना येथें केली.

“म्हणजे त्यांचेंही जाणें राहूनच गेलें होतें म्हणावयाचें,” आत्याबाई म्हणाल्या, आणि पदरानें डोळे पुसूं लागल्या.

उतरतांना पुतण्या अगदीं गप्प होता. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत प्रतापगड एक आहे. महाबळेश्वरीं जाणाऱ्या वाचकांस आमची विनंती एवढीच, कीं गड पॉइंटावरून पाहून परतूं नये. आणि घरांतील वडीलधाऱ्यांस बरोबर घ्यावें. त्यांच्या पायांचा अंदाज आपण खालींच बसून करूं नये.